लांजेवार काकाजींची रीतसर सभा

आमच्या घरी कपडे आत वाळत. रायपूरच्या कडेला आमची भनपुरी, तिच्या पलीकडे सिलतऱ्याच्या कारखान्यांची धुराडी. वारा तिकडून आला की दोरीवरचा पांढरा सदरा दुपारपर्यंत राखाडी व्हायचा. म्हणून एकाच खोलीत दोरी, दोरीखाली चूल, चुलीशेजारी मी आणि माझं पुस्तक. बाबा भंडारा जिल्ह्यातून हमालीसाठी इथे आलेले. ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोती उचलता उचलता त्यांची कंबर गेली, तेव्हा मी नववीत होते. आई ट्रक ड्रायव्हरांना डबे करून देऊ लागली. पहाटे पोळ्या लाटायच्या, डबे पोचवायचे आणि मग शाळा, असं करत मी बी.ए. झाले. हे मी लाजत सांगत नाही. आमच्या खानदानात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं.

बी.ए. होऊनही वर्षभर काही झालं नाही. राज्य नवं होतं, रायपूरची राजधानी झाली होती, रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीवर नवी पाटी चढत होती. पाटीखाली बसणारे मात्र बाहेरून आलेले. शेवटी सदर बाजारात, कापडाच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत काम मिळालं. तिथे एका पक्षाचं कार्यालय होतं आणि त्यांना शुद्ध हिंदी लिहिणारी, टायपिंग येणारी मुलगी हवी होती. पक्ष विरोधातला. आई म्हणाली, "विरोधातला? मंग तिथं काम तरी काय असन?"

काम होतं अर्ज लिहिण्याचं. आणि ते सांगणारे होते लांजेवार काकाजी.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. "वाच."

मी वाचला. सभेला परवानगी नाकारल्याचं सरकारी पत्र होतं.

"काय समजलं?"

"परवानगी नाही दिली."

"हे तं शिपायालेही समजलं. काहून नाही दिली?"

मी पुन्हा वाचलं. कारण कुठेच नव्हतं. तसं मी म्हणाले, तर त्यांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, "भेटली रे! वाचनारी भेटली!" त्या दिवसापासून मी त्यांची 'बी.ए. बाई' झाले. कोणीही जिना चढून आलं की ओळख ठरलेली: "ह्या आमच्या बी.ए. बाई." माझं नाव सुनंदा आहे, हे कितीतरी लोकांना वर्षभर माहीत नव्हतं. मला चालत होतं.

काकाजी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. सारी नोकरी बिलासपूर आणि रायपुरात गेली. बुटके, रुंद, डोक्यावर मागे चापून बसवलेले केस, अर्ध्या बाहीचा शर्ट आणि पायांत बारा महिने काळे बूट. सरकारी नोकरीत राजकारण करायचं नाही हा नियम, म्हणून त्यांनी आयुष्यभर पक्षाचं नावसुद्धा उच्चारलं नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते हा जिना चढले आणि अध्यक्षांसमोर उभे राहून म्हणाले, "मी काल रिटायर झालो. आजपासून मले मत हाये." सत्तेतला पक्ष सोडून इथे कसे, असं कोणी विचारलं तर म्हणत, "तिकडं मानसं भरपूर हायेत. मी जाऊन काय सतरंज्या मोजू?"

त्या दिवसांची गोष्ट आता तरुण पोरांना सांगितली तर फुगवून सांगते असं वाटतं. जमावबंदीचा एक हुकूम संपायच्या आत दुसरा निघे. सभेला परवानगी लागे आणि विरोधकांना ती येत नसे. सभागृहवाल्यांकडे गेलं की आम्ही सांगू त्या तारखेला रंगकाम असे. छापखानेवाला आमची पत्रकं छापी, पण खाली स्वतःच्या छापखान्याचं नाव घालायची वेळ आली की हात जोडी. माईकवाला रस्त्यात भेटला की पलीकडच्या फुटपाथवर जाई. भली माणसं होती ती. पोटाला भीत होती, एवढंच.

काकाजी मात्र मजेत असत. ते म्हणत, "कायदा त्यायचा हाये, पन वाचून राहिलो मी." रोज साडेदहाला ते अर्ज घेऊन निघत, आणि त्यांच्या पिशवीत एक डबी असे. डबीत शिक्क्याचं शाईचं पॅड, टाचण्या, कार्बन पेपर आणि दोरा. कारण एकदा कचेरीतल्या आवक खिडकीवरचे बडे बाबू म्हणाले होते, "चाचा, मोहर का पैड सूख गया है, पावती नहीं मिलेगी." दुसऱ्या दिवशी काकाजींनी खिडकीत स्वतःचं पॅड ठेवलं. बाबू म्हणाले टाचणी नाही, टाचणी निघाली. कार्बन नाही, कार्बन निघाला. शेवटी बडे बाबूच हसायला लागले, "चाचा, एक बाबू भी साथ में ले आया करो!"

"लाया है ना," काकाजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "बी.ए. है."

नंतर नंतर तर ते बाबू स्वतःच्या सरकारी कामासाठी आमचं पॅड मागून घेत.

या नियमाच्या वेडाचा घरीही जाच होता. काकू भाताचा घास घेता घेता मला सांगत, "साखर संपली म्हटलं तं म्हनतेत, तीन दिवस आधी काहून नाही कळवलं? भाजीत मीठ कमी पडलं तं मी आता तोंडानं बोलतच नाही. म्हनते, अर्ज द्या!" काकाजी खाली मान घालून जेवत आणि मिशीत हसत.

नातवाच्या बारशाची गोष्ट तर आमच्या कार्यालयात कितीतरी दिवस पुरली. घरी पन्नास-साठ माणसं येणार, त्यांतली निम्मी पक्षाची. म्हणजे जमाव. काकाजींनी रीतसर अर्ज दिला: विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याच्या नातवाचं नामकरण, गुळाचं पाणी आणि घुगऱ्यांचं वाटप, ध्वनिक्षेपक नाही, पाळण्याची दोरी महिला ओढतील. अधिकारी चिडले. "शादी-ब्याह, नामकरण के लिए कौन परमिशन माँगता है?"

"तो लिखके दे दीजिए ना साहेब, की नहीं लगती."

साहेबांनी वैतागून अर्जावरच लिहिलं, 'आवश्यकता नहीं', आणि सही केली. काकाजी तो कागद घरी घेऊन आले आणि पाळण्याच्या कठड्याला बांधून ठेवला. बाळाचं नाव आत्याने कानात सांगितलं, तेव्हा बायका गाणं म्हणत होत्या आणि काकाजी दारात, पोलीस आलेच तर दाखवायला, उभे.

आमचे शहर अध्यक्ष होते विक्की भैया. घरचे मराठीच, वडील रेल्वेत. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. वय तिशीचं, आवाज खणखणीत, अंगात धग. दर महिन्याला ते चौकात फलक घेऊन उभे राहत, पोलीस गाडीत घालत, संध्याकाळी सोडत. दुसऱ्या दिवशी एखाद्या पेपरात कोपऱ्यात फोटो येई. काकाजी तो फोटो कापून फायलीत लावत, पण त्यांचं समाधान होत नसे.

अशातच एक दिवस बिसाहिन बाई जिना चढून आल्या. आमच्याच भनपुरीच्या. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा पारा, म्हणजे मोहल्ला. चाळिशीच्या, सडसडीत, बोलायला कोणाला न भिणाऱ्या. त्यांचा नवरा सिलतऱ्यात भट्टीवर ठेक्याने कामाला. सोबत चार बायका होत्या, त्या दाराशीच थांबल्या.

"लइका मन दिन-रात खाँसथें," त्या म्हणाल्या. "कुआँ के पानी ऊपर करिया परत जम जाथे. हमन कब ले कहत हन, फेर सुनथे कोन? एक बार हमर पारा म सभा कर देव." पोरं रात्रंदिवस खोकतात, विहिरीच्या पाण्यावर काळा थर धरतो आणि ऐकत कोणी नाही, म्हणून आमच्या वस्तीत एक सभा घ्या, असं त्यांचं म्हणणं.

"बस, इसी इतवार को!" विक्की भैया उठलेच. "परमिशन गई भाड़ में. दो सौ लोग बैठ जाएँगे सड़क पर, देखते हैं कौन उठाता है."

"बस खाली," काकाजी म्हणाले. मग बिसाहिनकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हारे आदमी पे केस लगा, तो ठेकेदार क्या करेगा?"

बिसाहिन बाईंनी मागे वळून पाहिलं. दाराशी उभ्या बायांतली एक हळूच म्हणाली, "गेट ले लहुटा दिही."

"ऐकलं?" काकाजी विक्की भैयांना म्हणाले. "गेटावरून परत. तुले पकडलं तं तुझा फोटो छापून येते. इच्या मानसाले पकडलं तं याइच्या घरी चूल नाही पेटत. सभा होईन. पन परवानगीनं होईन."

"चाचा, आपकी परमिशन अगले जनम में आएगी."

"येऊ दे. पावती तं याच जन्मात घेईन ना मी."

सगळे हसले, पण बिसाहिन बाई हसल्या नाहीत. त्यांनी काकाजींना विचारलं, "पक्का?"

"हव," काकाजी म्हणाले. छत्तीसगढीतला एवढाच शब्द ते वापरत, आणि वापरला की त्याचा अर्थ दिलेला शब्द असाच असे.

मग सुरू झालं. मैदानासाठी अर्ज दिला. उत्तर आलं, मैदान खेळांसाठी राखीव. चौकासाठी दिला, वाहतुकीला अडथळा. शाळेच्या पटांगणासाठी; परीक्षा. मंगल भवनासाठी, आग विझवायची सोय नाही. पुढच्या वेळी कारण आलं की जवळ दवाखाना आहे, ध्वनिक्षेपकाचा त्रास होईल. त्याच्या पुढच्या वेळी, कार्यक्रमाचा उद्देश स्पष्ट नाही. एकदा तर नकार सभेच्या तारखेनंतर चार दिवसांनी पोचला. विक्की भैया प्रत्येक कागदावर डोकं आपटायचे. काकाजी प्रत्येक कागद उन्हात धरल्यासारखा नीट बघत आणि म्हणत, "चांगलं हाये. कारन देऊन राहिले आता. आधी तेही नव्हते देत."

इकडे मी रोज संध्याकाळी भनपुरीला परत जायचे तेव्हा बायका नळावर विचारायच्या, "का होइस?" मी मान हलवायचे. सहा महिने झाले. एके दिवशी बिसाहिन नळावर मला म्हणाल्या, "तोर काका बने मनखे हे. फेर कागद म सभा नइ होवय बेटी." माणूस चांगला आहे, पण कागदावर सभा होत नाही. मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी मी काकाजींना तसंच्या तसं सांगितलं. मी लपवाछपवी करणारी नाही.

त्यांनी पुढ्यातली फुटाण्यांची पुडी बंद केली. मग म्हणाले, "बरोबर बोलली ते. सारे नकार काढ."

त्या दिवशी आम्ही शेवटचा अर्ज लिहिला. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं हिंदी ते आहे. काकाजी बोलत होते मराठीत आणि मी लिहीत होते हिंदीत. अर्जात एकेक जुना नकार, त्याचा क्रमांक आणि त्यापुढे आमचं उत्तर. मैदान नको: बंद पडलेल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं आवार, खाजगी जागा, मालकाची लेखी संमती सोबत. मालकाची आणि काकाजींची मालधक्क्यावरची जुनी ओळख होती. रस्ता अडणार नाही. परीक्षा संपलेल्या. छत नाही, म्हणून आगीचा प्रश्न नाही. ध्वनिक्षेपक नाही. उद्देश: धूर, खोकला आणि पिण्याचं पाणी यांबद्दल रहिवाशांचं म्हणणं ऐकणं. तारीख दीड महिना पुढची, म्हणजे उत्तराला वेळ भरपूर. खाली एक ओळ काकाजींनी स्वतः सांगितली: 'आपने अब तक जितने कारण बताए, उनमें से कोई भी इस सभा पर लागू नहीं होता. कोई नया कारण हो तो कृपया लिखित में दें.'

तो घेऊन आम्ही थेट परवानगी देणाऱ्या साहेबांपुढे गेलो. साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. पूर्ण वाचलं. "आप चाहते क्या हैं, चाचा?"

"परवानगी. नहीं तो नया कारन."

"सोचना पड़ेगा."

"सोचिए ना. मैं बाहर बाकडे पे बैठता."

ते खरंच बसले. तीन दिवस, कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत, आवक खिडकीसमोरच्या बाकावर, बूट जुळवून. बडे बाबूंनी चहा पाजला. साहेब जाता-येता बघत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आत बोलावलं आणि कागद हातात दिला. परवानगी होती. अटी पान भरून होत्या. जास्तीत जास्त शंभर माणसं. ध्वनिक्षेपक नाही. झेंडा नाही, फलक नाही. नारा नाही. चार ते सहा.

विक्की भैया अटी वाचून भडकले. "ये सभा है कि शोकसभा?"

"सभा हाये," काकाजी म्हणाले. "वर लिहिलं हाये मोठ्या अक्षरात. वाच."

रविवारी दुपारी आवारात शंभर माणसं मोजून आत बसवली. मोजणारे काकाजी, त्यांच्यासोबत मोजणारे एक सब-इन्स्पेक्टर. दोघांचा आकडा जुळल्यावर दोघांनी हात मिळवले. पण माणसं येतच होती. फाटकाबाहेर गर्दी व्हायला लागली तशी इन्स्पेक्टरांनी काठी उचलली. काकाजींनी बाहेर येऊन दोन्ही हात वर केले.

"कोई खड़ा नहीं रहेगा इधर! सब अपने-अपने घर जाओ!" आणि मग खालच्या आवाजात, "घर की छत पे."

पाचच मिनिटांत आवाराच्या तिन्ही बाजूंची घरं माणसांनी भरली. पत्र्यांवर, भिंतींवर, पाण्याच्या टाक्यांवर. इन्स्पेक्टर वर बघत राहिले. काकाजी त्यांना म्हणाले, "अपने घर पे खड़े रहने को परवानगी लगती है क्या, साहेब? लगती हो तो मैं अर्जी देता."

माईक नव्हता. म्हणून ठरलं होतं की बोलणाऱ्याने एक वाक्य बोलायचं, पुढच्यांनी ते मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे मागच्यांना आणि छतांवरच्यांना ऐकू जाईल. सकाळी काकाजींनी वस्तीत फिरून सगळ्यांना पढवलं होतं, "जो बोलेगा वही बोलना. एक शब्द कम नहीं, एक शब्द जादा नहीं."

पहिल्या बोलल्या बिसाहिन. "मोर नाव बिसाहिन."

"मोर नाव बिसाहिन!" शंभर बाया-बापे म्हणाले.

"मोर बेटी ल दमा होगे हे."

"मोर बेटी ल दमा होगे हे!"

दोन-तीन वाक्यांनंतर त्यांनाच खोकल्याची उबळ आली. शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "थोरिक पानी दे तो ओ."

"थोरिक पानी दे तो ओ!" आवार गरजलं, आणि मग छतं गरजली. तीन घरांतून तीन बायका तांब्या घेऊन धावल्या. सगळे हसले, इन्स्पेक्टरही. काकाजी मात्र गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, "पाहिलं? दूरवर जाऊन राहिलं."

त्यानंतर लोक एकामागे एक बोलले. भट्टीवरचा कामगार बोलला, अंगणवाडीची दीदी बोलली. विक्की भैया तीन वाक्यंच बोलले आणि स्वतःहून खाली बसले. तेवढं मी त्यांच्याबद्दल कधी विसरणार नाही. पावणेसहा वाजले, तसा कोणीतरी ओरडलं, "काका, तहूँ कुछु कह!" मग सगळेच म्हणायला लागले.

काकाजींनी आयुष्यात भाषण केलेलं नव्हतं. कान लाल झाले. उठले, खिसे चाचपले, मला म्हणाले, "मले बोलता नाही येत." मग वरच्या खिशातून परवानगीचा कागद काढून उलगडला. "मी वाचून दाखवतो."

चष्मा लावून त्यांनी सरळ पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पत्र क्रमांक. लोकांनी पत्र क्रमांक म्हटला. विषय. लोकांनी विषय म्हटला.

"भनपुरी में सभा की!"

"भनपुरी में सभा की!"

"अनुमति दी जाती है!"

"अनुमति दी जाती है!" छतांवर टाळ्या पडल्या. काकाजी थांबले नाहीत, आवाज चढत गेला.

"ध्वनि-विस्तारक यंत्र!"

"ध्वनि-विस्तारक यंत्र!"

"वर्जित है!"

"वर्जित है!"

"किसी प्रकार का नारा!"

"किसी प्रकार का नारा!"

"नहीं लगाया जाएगा!"

"नहीं लगाया जाएगा!" आता मुठी वर गेल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. टाकीवरची पोट्टी तर तेवढीच ओळ धरून बसली, "नहीं लगाया जाएगा! नहीं लगाया जाएगा!" आणि सारी भनपुरी त्यांच्या मागे.

इन्स्पेक्टर घाईने पुढे आले. "चाचा, बंद करो. ये नारा है."

काकाजींनी कागद त्यांच्यापुढे धरला. "आपकाच कागज है साहेब. एक शब्द जादा नहीं बोला. आप बताइए, ये नारा है क्या?"

इन्स्पेक्टरांनी कागद वाचला, छतांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "छह बजने में चार मिनट हैं," ते म्हणाले आणि मागे जाऊन उभे राहिले.

काकाजींनी सहीपर्यंत वाचलं. सहाच्या ठोक्याला 'समाप्त' म्हणाले. सगळे 'समाप्त' म्हणाले आणि उठले.

मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. सिलतऱ्याची पाळी सुटली होती, शहराकडे जाणारी ऑटो खचाखच भरलेली. दोन कामगारांच्या मध्ये काकाजी कसेबसे बसले. घसा पार बसला होता. कामगारांपैकी एकाने विचारलं, "उधर इतना हल्ला-गुल्ला काहे का था, चाचा?"

"सभा थी," काकाजी म्हणाले, आणि आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाले, "सभा थी. हमारी."

ऑटो निघाली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते त्या माणसाला काहीतरी समजावून सांगत होते, एकेक मुद्दा बोटांवर मोजत.

धूर त्या वर्षी कमी झाला नाही. पण त्या सरकारच्या काळात रायपुरात विरोधकांची परवानगीने झालेली पहिली सभा भनपुरीची. त्यात बोललेल्या एकाही माणसावर केस झाली नाही, आणि सोमवारी सकाळी बिसाहिनचा नवरा नेहमीप्रमाणे गेटातून आत कामावर गेला.